दोन वर्षांचं ग्रीन कार्ड: वाचकांचे प्रश्न

अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षं पुरी व्हायच्या आत जिला किंवा ज्याला ग्रीन कार्ड मिळतं, त्यांच्या हाती दहा नव्हे, दोनच वर्षांचं कार्ड पडतं. खोट्या लग्नांना आळा बसावा म्हणून १९८६ साली तिथे कायदा झाला, तेव्हापासूनची ही अट. ती काढून घेण्याचा अर्ज म्हणजे आय-७५१. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न, नावं गाळून.

प्रश्न: माझ्या कार्डावर १५ ऑक्टोबर २०२६ ही शेवटची तारीख आहे. मिस्टर म्हणतात, पासपोर्टसारखं रिन्यू करायचं, आठवडाभर आधी फॉर्म भरला तरी पुरे. मैत्रीण म्हणते, सहा महिने आधीच पाठवून मोकळी हो. कुणाचं ऐकू? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: दोघांचंही नको. नवरा-बायकोने मिळून करायचा अर्ज कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांतच घेतात. तुमच्या तारखेवरून मागे मोजलं तर ही खिडकी १७ जुलै २०२६ ला उघडते. त्याआधी पाकीट पोचलं तर सगळा गठ्ठा जसाच्या तसा परत येतो. बोटांवर महिने मोजू नका, दिवस मोजा. ‘तीन महिने आधी’ असा हिशेब करणारे दोन दिवस लवकर पाठवून बसतात.

आठवडाभर आधीचा बेतही धोक्याचा. एखादी सही राहिली, पैसे वळते झाले नाहीत, जुन्या आवृत्तीचं एखादं पान मध्ये आलं, तर अर्ज नाकारून परत पाठवतात. तो तुमच्या हाती येईपर्यंत १५ ऑक्टोबर उलटून गेलेला असतो. खिडकी उघडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाठवा, म्हणजे परत आलाच तर दुरुस्त करून धाडायला वेळ उरतो.

आणि मिस्टरांना सांगा, हे रिन्यूअल नाही. दहा वर्षांचं कार्ड नव्याने काढायला आय-९० नावाचा वेगळा फॉर्म असतो. तो भरून निर्धास्त बसलेली माणसं थोडी नाहीत. पैसेही जातात आणि खरी मुदतही निघून जाते. यूएससीआयएस (ग्रीन कार्ड देणारं अमेरिकी इमिग्रेशन खातं) आठवणीचं पत्र पाठवेल या भरवशावरही राहू नका.

फी ७५० डॉलर, बोटांच्या ठशांचा खर्च त्यातच आला. चेक आणि मनीऑर्डर आता बंद आहेत. कार्डाने भरायची तर जी-१४५० आणि बँक खात्यातून वळती करायची तर जी-१६५० हा कागद सगळ्यांत वर ठेवायचा. कार्ड किंवा खातं अमेरिकेतल्या बँकेचं हवं, आणि कार्डाची मर्यादा आधी बघून घ्या. सह्या दोघांच्या, शाईच्या पेनने. कॉम्प्युटरवर टाइप केलेलं नाव सही म्हणून चालत नाही. फॉर्मच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते. ती सगळ्या पानांवर एकच आहे ना आणि संकेतस्थळावर दिलेली तीच आहे ना, हे छापल्यावर एकदा पाहा. पाठवण्याचा पत्ताही त्याच दिवशी पाहून घ्या, तो बदलत असतो. एक दिलासा: ग्रीन कार्डाच्या वेळी भरलेलं आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र आणि डॉक्टरी तपासणी या वेळी पुन्हा लागत नाही.

प्रश्न: आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. घर सासऱ्यांच्या नावावर, वीज-पाण्याची बिलंही त्यांच्याच नावाने. मी अजून नोकरी करत नाही. जिथे तिथे यादी वाचते, भाडेकरार, घरकर्ज, दोघांच्या नावाचं बिल. आमच्याकडे यातलं काहीच नाही. काय जोडू? (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर: ती यादी स्वतंत्र बिऱ्हाड करणाऱ्या जोडप्याला समोर ठेवून केलेली आहे. एकत्र कुटुंबात राहणं हा काही दोष नाही, पण ते कागदावर उलगडून सांगावं लागतं. सासऱ्यांकडून एक सही केलेलं पत्र घ्या: घर माझ्या मालकीचं आहे, मुलगा आणि सून अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतात, भाडं घेत नाही (किंवा महिन्याला इतके देतात). त्याला घराच्या मालमत्ता कराचं बिल जोडा. मग त्याच पत्त्यावर तुम्हा दोघांना वेगवेगळी आलेली टपालं लावा: दोघांचे ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेची पत्रं, दवाखान्याची बिलं, गाडीच्या विम्याचं कार्ड. हे एकत्र वाचलं की भाडेकराराची उणीव जाणवत नाही.

तुमच्या बाबतीत वजनदार पुरावे घराचे नाहीतच, ते मिस्टरांच्या नोकरीतून येतील. आरोग्यविम्यात पत्नी म्हणून तुमचं नाव कुठल्या तारखेपासून आहे, याचं कंपनीकडून पत्र मिळतं. ४०१-के या नोकरीतल्या निवृत्तिबचत खात्यात आणि आयुर्विम्यात वारस म्हणून तुमचं नाव आहे का पाहा. नसेल तर आज घाला, पण आजची तारीख दिसणारच हे धरून चाला. आयकराचं विवरणपत्र दोघांनी मिळून भरलेलं असेल तर आयआरएस या अमेरिकी करखात्याच्या संकेतस्थळावरून त्याचा ट्रान्सक्रिप्ट (खात्यातली अधिकृत नोंद) फुकट काढा. घरच्या प्रतीपेक्षा त्याला मान जास्त. ‘विवाहित, स्वतंत्र’ असं भरलं असेल तर का ते दोन ओळींत लिहा. ‘अविवाहित’ म्हणून भरलं असेल तर ती चूकच आहे. अर्जाआधी सुधारित विवरणपत्र भरून टाका.

आता बँकेचं स्टेटमेंट. सगळे जोडतात, पण कसं वाचलं जातं याचा विचार फारसा कुणी करत नाही. अर्जाच्या महिनाभर आधी उघडलेलं जॉइंट खातं, त्यात पाचशे डॉलर आणि पुढे एकही व्यवहार नाही, असा कागद न जोडलेला बरा. याउलट ज्या खात्यात दर पंधरवड्याला पगार जमा होतो आणि त्यातूनच किराणा, पेट्रोल, फोनचं बिल, तुमच्या डेबिट कार्डावरची औषधं, सासूबाईंच्या वाढदिवसाचं हॉटेल जातं, त्यातून संसार दिसतो. चोवीसच्या चोवीस महिन्यांचा गठ्ठा नको. दर तीन-चार महिन्यांतलं एक, लग्नापासून आजपर्यंत, असं निवडा. सलगता दिसायला हवी. सुरुवातीच्या सहा महिन्यांचे ढीगभर कागद आणि नंतर शुकशुकाट, ही अर्जांत वारंवार दिसणारी उणीव आहे.

तुम्हा दोघांना कार्ड मिळाल्यापासून ओळखणाऱ्या किमान दोघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख व ठिकाण, तुमच्याशी नातं आणि माहिती कशी आहे, एवढं त्यात हवंच. ‘हे सुखी व आदर्श दांपत्य आहे’ या वाक्याला शून्य किंमत. ‘२०२४ च्या गणपतीत आम्ही त्यांच्या घरी जेवायला होतो, दोघं वरच्या मजल्यावर राहतात, मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं तेव्हा तो आठवडाभर सुट्टीवर होता’ अशा वाक्याला किंमत आहे. एकाच मजकुराच्या दोन प्रतींवर दोन सह्या घेऊ नका, लगेच ओळखू येतं. आणि ही प्रतिज्ञापत्रं कागदांना जोड म्हणून. नुसत्या त्यांच्यावर अर्ज उभा राहत नाही.

फोटो दहा-पंधरा पुरेत. एका पानावर दोन-तीन, खाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे. एकाच लग्नाच्या हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चाळीस फोटो म्हणजे एकाच दिवसाचा पुरावा. अल्बम, स्पायरल बाइंडिंग, प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. तिथे सगळं सुटं करून स्कॅन होतं. मराठीतला प्रत्येक कागद पूर्ण इंग्रजी भाषांतरासह द्या. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून नाव, पत्ता, तारीख आणि सही करायची. त्याला नोटरी लागत नाही.

प्रश्न: मला नवऱ्याच्या एच-वन-बी नोकरीवरून त्याच्याबरोबरच ग्रीन कार्ड मिळालं, लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. मलाही हा अर्ज करावा लागेल का? (प्लॅनो, टेक्सस)

उत्तर: नाही. नोकरीच्या अर्जात जोडीदार म्हणून मिळालेल्या कार्डाला ही अट लागत नाही, लग्न कितीही नवं असो. कार्डावरची तारीख पाहा, दहा वर्षांपुढची असेल.

प्रश्न: आमचं लग्न पुण्यात ११ डिसेंबर २०२२ ला वैदिक पद्धतीने झालं, महापालिकेत नोंदणी २० फेब्रुवारी २०२३ ला. मी ८ जानेवारी २०२५ ला सीआर-१ व्हिसावर (लग्नाला दोन वर्षं व्हायची असलेल्या जोडीदाराचा व्हिसा) अमेरिकेत आले. कार्ड दोन वर्षांचंच आलंय. ते बरोबर आहे का? (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

उत्तर: तुम्ही दिलेल्या तारखा पाहता, बरोबर नाही. व्हिसा शिक्का मारून दिला त्या दिवशी लग्न किती जुनं होतं हे इथे लागत नाही. अमेरिकेत पाऊल ठेवलं त्या दिवशी किती जुनं होतं ते लागतं. ८ जानेवारी २०२५ ला तुमच्या लग्नाला दोन वर्षं आणि चार आठवडे झाले होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तुम्हाला आयआर-१ (लग्नाला दोन वर्षं झालेल्या जोडीदाराचा, दहा वर्षांच्या कार्डाचा वर्ग) म्हणून घ्यायला हवं होतं. व्हिसा मिळाल्यावर आणि प्रवासाआधी लग्नाचा दुसरा वाढदिवस येणाऱ्यांनी हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला स्वतःहून बोलून दाखवावं. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून निघताना छापलेला वर्ग आपोआप बदलत नाही.

गोंधळ झाला असेल तो दोन तारखांमुळे. आपल्याकडच्या नोंदणी प्रमाणपत्रावर लग्न लागल्याची तारीख वेगळी असते आणि नोंदणीची वेगळी. हिंदू विवाह कायद्यानुसार विधिपूर्वक लागलेलं लग्न नोंदणी नसली तरी वैध असतं, म्हणून मोजायची ती ११ डिसेंबर. (विशेष विवाह कायद्याखाली कोर्टात लग्न केलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं लग्न त्या दिवशी रजिस्ट्रारसमोरच होतं.) सरकारी चूक झाली असं दाखवून आय-९० भरा. चूक त्यांची ठरली तर फी लागत नाही. सोबत कार्ड, लग्नाच्या प्रमाणपत्राची दोन्ही तारखा दिसणारी प्रत, भाषांतर आणि प्रवेशाच्या शिक्क्याचं पान लावा. मात्र निर्णयाची वाट पाहत ८ जानेवारी २०२७ उलटू देऊ नका. आय-७५१ ची तुमची खिडकी १० ऑक्टोबर २०२६ ला उघडेल. तोवर उत्तर आलं नाही तर सावधगिरी म्हणून तोही भरावा का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा. या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत वकिलाच्या फीचे पैसे वसूल होतील असे दोनच, एक हा आणि दुसरा पुढचा.

प्रश्न: आठ महिन्यांपासून वेगळी राहते. नवरा सही करायला तयार नाही, म्हणतो, ‘परत जा.’ कार्ड चार महिन्यांत संपतंय. घटस्फोट पुण्यातून घ्यावा असं माहेरचे म्हणतात. (अटलांटा परिसर)

उत्तर: तुमचं ग्रीन कार्ड त्याच्या सहीवर अवलंबून नाही, हे आधी पक्कं मनात ठेवा. लग्न खऱ्या हेतूने केलं होतं पण ते मोडलं, या कारणावर तुम्ही एकटीने आय-७५१ भरू शकता. त्याला ९० दिवसांची खिडकीही लागू नाही, केव्हाही भरता येतो. अडचण एकच: घटस्फोट अंतिम झालेला हवा. नुसता दावा दाखल असून भागत नाही. दावा चालू असताना अर्ज केला तर बहुधा पुरावा मागणारं पत्र येतं आणि हुकूमनामा सादर करायला साधारण ८७ दिवस मिळतात. त्यात तो आला नाही तर अर्ज फेटाळून प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाऊ शकतं. घटस्फोट झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो, पण ती दगदग टळली तर बरी.

म्हणून पुण्याचा विचार दोनदा करा. परस्परसंमतीने घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि दोन अर्जांमध्ये सहा महिने जातात. हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं, पण ती माफी मिळेलच असं नाही. शिवाय संमतीला दोघं लागतात, आणि तुमचा नवरा तर सहीच करत नाहीये. दुसरं, दोघंही अमेरिकेत राहत असताना फक्त भारतातून आणलेल्या हुकूमनाम्यावर तुमच्या राज्यात प्रश्न उभा राहू शकतो. तुम्ही राहता तिथल्या कोर्टातला घटस्फोट या अर्जासाठी बहुतेक वेळा सरळ पडतो.

पुरावे मात्र तेच: एकत्र राहत होता तेव्हाचे. घर सोडताना ते मागे राहिले असतील तर बँक, विमा कंपनी आणि आयआरएसकडून स्वतःच्या नावावर पुन्हा काढता येतात. लग्न का मोडलं हे एक-दीड पानात, तारखांसह, शिव्याशाप न घालता लिहा. समुपदेशकाकडे गेला असाल तर त्याच्या भेटींची नोंद फार उपयोगी.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगतो. मारहाण किंवा छळ झाला असेल तर घटस्फोटाची वाट पाहायची गरज नाही. त्या कारणाचा अर्ज वेगळा करता येतो, त्याला फी नाही, आणि त्यातली माहिती कायद्याने गुप्त राहते. टपालासाठी सुरक्षित पत्ता वेगळा देता येतो. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. तुमच्या भागातही अशा संस्था आहेत.

वेगळं राहूनही नवरा उद्या सहीला तयार झाला, तर कायद्याने लग्न टिकून असेतो एकत्र अर्जही चालतो. पण पत्ते खरे लिहा. सही ‘खोटं असेल तर शिक्षा’ या अटीखाली असते. एकाच घरात राहतो असं खोटं दाखवलं तर खरं लग्नही संशयात येतं. आणि एकत्र अर्ज केल्यावर घटस्फोट झाला, तर हुकूमनामा पाठवून अर्ज एकटीचा म्हणून धरावा असं लेखी कळवायचं. नव्याने फी भरावी लागत नाही.

प्रश्न: कार्ड संपून दोन महिने झाले, अर्ज राहून गेला. (टोरान्स, कॅलिफोर्निया)

उत्तर: आजच पाठवा, सोबत उशिराचं कारण लिहून. इस्पितळात होतो, बाळंतपणात गुंतागुंत झाली, घरात मृत्यू झाला, अशी कारणं कागदांसह दिली तर विचार होतो. ‘माहीत नव्हतं’ हे दुबळं कारण. अर्ज न केल्यास मुदतीच्या दिवशी दर्जा आपोआप संपतो, म्हणून पावती हाती येईपर्यंत परदेशप्रवास नको.

प्रश्न: अर्ज केला, पावती आली, कार्ड मात्र संपलंय. दिवाळीला मुंबईला जाऊन परत येता येईल का? विमान कंपनी अडवेल अशी भीती वाटते. (शार्लट)

उत्तर: येता येईल. आय-७९७ पावतीवर कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवल्याचं लिहिलेलं असतं; ते महिने कार्डावरच्या शेवटच्या तारखेपासून धरायचे. संपलेलं कार्ड, ही मूळ पावती आणि भारतीय पासपोर्ट, तिन्ही एकत्र हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलमधला फोटो नको, मूळ कागदच हवा. अडचण येते ती मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. तिथल्या कर्मचाऱ्याला संपलेली तारीख आधी दिसते, आणि पावतीतलं ‘४८ महिने’ हे वाक्य परिच्छेदाच्या पोटात दडलेलं असतं. त्या ओळीवर पेन्सिलीने हलकी खूण करून ठेवा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. पावती हरवली असेल तर निघण्यापूर्वी यूएससीआयएसकडे वेळ घेऊन पासपोर्टवर आय-५५१ शिक्का (ग्रीन कार्डाचा तात्पुरता पुरावा) मारून घ्या.

बोटांच्या ठशांची तारीख तुम्ही भारतात असताना पडू शकते, म्हणून घरी टपाल उघडणारं कुणी तरी असू द्या. घर बदललं तर दहा दिवसांत पत्ता कळवा. टपालखात्याला सांगितलं म्हणजे यूएससीआयएसला सांगितलं असं होत नाही. बरीच पत्रं इथेच हरवतात.

प्रश्न: अर्ज टाकून वर्ष झालं, निकाल नाही. ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं होत आली. नागरिकत्वाचा अर्ज करू की हे संपेपर्यंत थांबू? (सिअ‍ॅटल)

उत्तर: थांबू नका. दोन वर्षांच्या कार्डावर काढलेला काळ पूर्ण धरला जातो. तीन वर्षांची सवलत हवी तर जोडीदार ती तिन्ही वर्षं अमेरिकी नागरिक असला पाहिजे आणि तुम्ही दोघं एकत्र राहत असला पाहिजेत; त्या तीन वर्षांतले निदान १८ महिने अमेरिकेत प्रत्यक्ष काढलेले हवेत. सलग सहा महिन्यांहून मोठी भारतवारी झाली असेल तर प्रश्न विचारतात. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, तीन वर्षं भरण्याच्या ९० दिवस आधी करता येतो. ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. अट काढल्याशिवाय नागरिकत्व देता येत नाही, म्हणून एन-४०० च्या मुलाखतीत अडकलेला आय-७५१ ही बहुधा बाहेर निघतो आणि दोन्हींचा निकाल एकाच वेळी लागतो. त्यामुळे त्या दिवशी जोडीदाराला बरोबर न्या, बोलावलं नसलं तरी, आणि आय-७५१ टाकल्यानंतरच्या काळातले नवे कागद, निदान ताजा कर ट्रान्सक्रिप्ट आणि गेल्या वर्षाची तीन-चार स्टेटमेंट्स, फाइलमध्ये ठेवा.